पुण्यात ८८, लेहमध्ये ९२: एकाच फोर्कच्या हवेचं प्रकरण

पुण्यात नीट बसवलेला सायकलचा एअर फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के हवेच्या दाबावर झेलणारा भाग) लेहला नेला की पहिल्या दिवशी कडक वाटतो. मग हवा सोडली जाते, आणि दुसऱ्या दिवशी उतारावर तोच फोर्क धाडकन तळाला आदळतो. ही तक्रार नेहमीची आहे आणि तिच्यावरचं उत्तरही नेहमीचंच: "उंचीवर दाब वाढतो, थोडी हवा कमी कर." या प्रकरणात हाच सल्ला पाळला गेला आणि त्यानंच घोळ झाला.

सायकल आणि मूळ सेटिंग

हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, १३० मिमी ट्रॅव्हलचा (जास्तीत जास्त तेवढा दबणारा) एअर फोर्क, ३४ मिमीचे स्टँकशन, म्हणजे फोर्कच्या वरच्या सरकत्या नळ्या. हवेची स्प्रिंग डाव्या पायात, डॅम्पर, म्हणजे तेलानं फोर्कची हालचाल आवरणारा भाग, उजव्या पायात. स्वाराचं वजन ७४ किलो, पाठीवर पाणी, हत्यारं आणि जाकीट मिळून ६ किलो, सायकल साडेतेरा किलोची. उभं राहून चालवताना पुढच्या चाकावर साधारण ४० किलो येतात.

सेटिंग पुण्यात, ऑगस्टअखेर, सव्वीस अंश तापमानात झालं. फोर्कमध्ये ८८ पीएसआय (दाबाचं एकक), सॅग, म्हणजे स्वाराच्या नुसत्या वजनानं फोर्क दबतो तो, २६ मिमी म्हणजे ट्रॅव्हलच्या बरोबर २० टक्के, रिबाउंड (दबलेला फोर्क किती वेगानं परत उघडेल ते ठरवणारी फिरकी) पूर्ण बंद स्थितीपासून ८ क्लिक उघडा, कॉम्प्रेशन (फोर्क दबण्याचा वेग आवरणारी फिरकी) पूर्ण मोकळं. टायर ट्युबलेस, पुढे २४ पीएसआय. सिंहगडाच्या बाजूच्या दगडी वाटांवर ओ-रिंग (फोर्क किती दबला ते दाखवणारी स्टँकशनवरची रबरी रिंग) ११५ ते १२० मिमीपर्यंत जात होती, तळाला लागत नव्हती. या सेटिंगला नाव ठेवायला जागा नाही. सायकल खोक्यात भरून रस्त्यानं लेहला गेली. टायरमधली हवा कमी केली नाही. विमानानं पाठवली असती तर ती काढावी लागली असती, आणि त्या निमित्तानं टायरचा दाब तिथे नव्यानं मोजलाही गेला असता.

काय घडलं

पहिली दुपार, लेह, ३५०० मीटर, तापमान बावीस अंश. पुढचं चाक बारीक खडीवरही टणटणत होतं. सॅग मोजला तर २३ मिमी. वायपर सीलच्या (स्टँकशन पुसणाऱ्या रबरी ओठाच्या) वर दोन्ही स्टँकशनवर तेलाची बारीक रिंग आली होती आणि तिला लडाखची पिठासारखी धूळ चिकटली होती. ते पाहून सील गेला असा पहिला अंदाज निघाला.

शॉक पंप (फोर्कमध्ये हवा भरायचा, गेज असलेला छोटा पंप) लावला तर काटा ८७ वर. म्हणजे दाब ठीक, तरी फोर्क कडक. म्हणून पंपाच्या बटणानं ८ पीएसआय सोडून ७९ केला. पुढचं चाक उडतंय म्हणजे रिबाउंड जास्त वेगात आहे, असं समजून तो २ क्लिक बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन अंशात सॅग २९ मिमी भरला, म्हणजे २२ टक्के. चालण्यासारखा. सायकल गाडीत टाकून खारदुंग ला गाठला. (खिंडीतल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असे. आधुनिक मोजणीत खिंड ५३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. पाटी जवळजवळ अडीचशे मीटर चढवून सांगत होती.) वर तापमान शून्याच्या आसपास. उतरताना फुटक्या रस्त्यावर पहिल्याच ब्रेकला हँडल खाली गेलं. पाठोपाठ तीन-चार खड्डे लागले की फोर्क वर येईच ना, दर खड्ड्याला आणखी खाली बसत गेला आणि शेवटी तळाला लागला. ओ-रिंग १३० वर. आणि छोट्या दगडांवर तो अजूनही टणटणत होता.

कडकही आणि मऊही. तक्रार अशी दुतोंडी असली की एकच स्क्रू पिळत बसू नये.

तीन वेगळ्या हवा

पुढच्या चाकावर तीन ठिकाणी हवा बंद असते: टायरमध्ये, स्प्रिंगमध्ये आणि लोअरमध्ये, म्हणजे स्टँकशन ज्यात सरकतात त्या खालच्या नळ्यांत. उंचीवर तिघींचं वागणं वेगवेगळं.

आधी बाहेरच्या हवेचा दाब पाहू. प्रमाण वातावरणाच्या सूत्रानं पुण्यात ५६० मीटरवर तो १३.७ पीएसआय, लेहमध्ये ९.५ आणि खारदुंग लावर ७.५. कुठलाही गेज आतला दाब उणे बाहेरचा दाब दाखवतो. पुण्यातले ८८ म्हणजे खरे, निरपेक्ष मोजले तर ८८ अधिक १३.७, एकूण १०१.७. नळी बंद आहे, त्यामुळे लेहला गेल्यावर आतली हवा तितकीच राहते, बाहेरचा रेटा तेवढा ४.२ नं कमी होतो. तापमान तेच असतं तर गेजनं ९२.२ दाखवले असते.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती पुढे: गेज वाढला म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असं मानण्यात.

स्प्रिंगचा पिस्टन दोन कप्प्यांच्या मध्ये असतो. वर पॉझिटिव्ह, खाली निगेटिव्ह. फोर्क जवळजवळ पूर्ण उघडा असताना नळीच्या भिंतीतल्या खाचेतून दोन्हींचा दाब समान होतो. फोर्क दबला की वरची हवा आवळते, खालची सैल होते, आणि या दोहोंतला फरक स्वाराला उचलून धरतो. दोन्ही कप्पे बाहेरच्या हवेपासून तुटलेले आहेत. बाहेरच्या दाबाला या हिशेबात शिरायला जागा उरते ती पिस्टनच्या दांड्याएवढीच. दांडा १० मिमी जाडीचा धरला तर लेहमध्ये फरक पाव किलोच्या आसपास, म्हणजे सोडून देण्यासारखा.

म्हणून या प्रकारच्या फोर्कची ताकद निरपेक्ष दाबावर ठरते. लेहमध्ये गेजवर ९२ दिसले तर स्प्रिंग पुण्याच्या ८८ इतकीच आहे. उलट लेहमध्ये मुद्दाम ८८ केले तर आत ९७.५ उरतात आणि स्प्रिंग ४ टक्के मऊ होते.

टायरचं तसं नाही. टायरचं कवच आतल्या आणि बाहेरच्या दाबातल्या फरकानंच ताणलेलं असतं, त्यामुळे तिथे गेज खरं सांगतो. पुण्याचे २४ लेहच्या दुपारी २७.७ झाले होते. माउंटन बाइकच्या टायरला पावणेचार पीएसआय फार मोठे. पहिल्या दुपारचा टणटणाट मुख्यतः इथून येत होता, आणि टायरला कोणी हातच लावला नव्हता.

राहिले लोअर. त्यांत मुद्दाम भरलेली हवा नसते, फोर्क जोडताना जी कोंडली जाते तीच. पुण्यात तिचा दाब बाहेरच्याइतकाच, म्हणजे गेजच्या भाषेत शून्य. लेहमध्ये तीच हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे ४ पीएसआयनं वरचढ होते आणि स्टँकशनना बाहेर ढकलते. दोन स्टँकशनचं एकूण क्षेत्रफळ १८ चौ. सेंमी, त्यावर साधारण ५ किलोचा जास्तीचा रेटा. ४० किलोच्या भारापुढे ५ किलो म्हणजे सॅगमधले तीन-चार मिलिमीटर. २६ चा २३ झाला तो असा. तेलाच्या रिंगेचं कारणही हेच: आतला दाब सीलखालून तेलाचा पातळ थर बाहेर लोटत होता. सील शाबूत होता.

तो ८७ चा आकडा

सगळ्यात जास्त फसवणूक या वाचनानं केली. बावीस अंशात आत गेजचे सुमारे ९१ असायला हवे होते. पंप लावला की त्याची रिकामी नळी फोर्कमधल्या हवेनं भरते आणि दाब तीन-चार पीएसआय उतरतो. म्हणून ८७. पुण्यात लिहून ठेवलेले ८८ मात्र पंप लावून, हवा भरून झाल्यावरचे होते, नळी आधीच भरलेली असतानाचे. दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे नव्हतेच.

पंप काढतानाचा फुस्स आवाज चांगल्या पंपात नळीतल्या हवेचा असतो, फोर्कमधल्या नव्हे. तो ऐकून "थोडी गेली असेल" म्हणत ३ पीएसआय जास्त भरून ठेवायची सवय सोडावी. शिवाय ३०० पीएसआयपर्यंतच्या काट्याच्या गेजवर ८० आणि ८५ यांच्यात एखादी रेघ असते किंवा तीही नसते. इथे डिजिटल गेजवर खर्च करावा, आणि दोन्ही गावी तोच गेज वापरावा. तो दोन-चार पीएसआयनं चुकत असला तरी चालेल, दोन्हीकडे सारखाच चुकेल.

पहाटेचा सॅग का फसला

दुपारी बावीस अंशात ७९ केले, म्हणजे निरपेक्ष ८८.५. पहाटे दोन अंशात तेच ८२.५ झाले, गेजवर ७३. पुण्याच्या १०१.७ च्या तुलनेत स्प्रिंग १९ टक्के मऊ. यातले साधारण १२ पीएसआय स्वारानं सोडलेले आणि पंपाच्या नळीत गेलेले, बाकीचे थंडीनं खाल्लेले.

एवढी मऊ स्प्रिंग सॅगमध्ये ठळक दिसायला हवी होती. दिसली नाही, कारण सुरुवातीच्या २५-३० मिलिमीटरमध्ये लोअरमधली कोंडलेली हवा तिला टेकू देत होती. स्प्रिंगनं तिथे ७ किलो गमावले, लोअरनं जवळपास ४ किलो भरून दिले. सॅग फक्त ३ मिमीनं सरकला आणि सगळं आलबेल वाटलं.

ट्रॅव्हलच्या शेवटी मात्र हा टेकू पुरत नाही. तळाजवळ हवा मूळ जागेच्या साधारण एक तृतीयांशात आवळली जाते असं धरलं, तर पुण्यातली स्प्रिंग तिथे सुमारे १४० किलोचा प्रतिकार करत होती. खारदुंग लावर उरले ११४. लोअरच्या हवेनं भर घातली जेमतेम ४ किलोंची. शेवटच्या टप्प्यात वीस-बावीस किलो कमी पडले, म्हणून फोर्क आदळला.

गंमत म्हणजे खिंडीत पंप लावला असता तर गेज पहाटेपेक्षा एखाद्या पीएसआयनं जास्तच दिसला असता. आतला खरा दाब थंडीनं आणखी उतरला होता, पण बाहेरचा त्याहून जास्त उतरला होता.

रिबाउंडनं यात भर घातली. थंडीत डॅम्परचं तेल घट्ट होतं आणि फोर्क आपणहून सावकाश उघडतो. मऊ स्प्रिंगमुळे त्याला परत ढकलणारा जोरही कमी होता. त्यात २ क्लिक आणखी बंद केलेले. एका खड्ड्यातून वर यायच्या आत दुसरा लागला की फोर्क टप्प्याटप्प्यानं खाली बसत जातो. "वर येईच ना" ते यामुळे. आणि ते २ क्लिक बंद केले होते ते टायरच्या उसळीला रिबाउंडचा दोष समजून.

दुरुस्ती, ज्या क्रमानं केली त्या क्रमानं

लेहला परतल्यावर दुसऱ्या पहाटे, सायकल अर्धा तास बाहेर थंडीत उभी करून मग हात लावला. उबदार खोलीत मोजून थंडीत चालवायला न्यायचं तर मोजण्याचा उपयोग नाही. वीस अंशांच्या फरकानं या फोर्कमध्ये सहा-सात पीएसआय हलतात.

आधी टायर: त्याच गेजवर २४.

मग लोअर. पुढचं चाक जमिनीवरून उचलून फोर्क पूर्ण उघडा ठेवला. काही फोर्कना लोअरच्या मागच्या बाजूला हवा सोडायची बटणं असतात. फॉक्स कंपनीच्या ३६ आणि ३८ या फोर्कवर ती २०२१ च्या मॉडेलपासून आली, रॉकशॉक्स कंपनीनं २०२३ च्या लिरिक आणि झेब या फोर्कच्या वरच्या श्रेणीत दिली. तिथे दोन्ही बटणं दोन-तीन सेकंद दाबली की झालं. या फोर्कला बटणं नव्हती, म्हणून बारीक, नवी केबल टाय वापरली. आधी स्टँकशन आणि सीलच्या वरची कड ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्या फडक्यानं पुसली. हा भाग टाळला तर धुळीचा कण सीलखाली जातो आणि स्टँकशनवर कायमची रेघ ओढतो. केबल टायचं टोक नखानं तपासलं, कडा बोचत असेल तर ती टाय वापरू नये. मागच्या बाजूनं, स्टँकशनला चिकटून, वायपरच्या ओठाखाली ती हळूच सरकवली. सीलच्या आतल्या ओठापर्यंत पोचली की बारीक सुस्कारा ऐकू येतो आणि तेलाचा एखादा थेंब येतो. तो पुसून दुसरा पाय. स्क्रू-ड्रायव्हर, सुई, चाकाची आरी (स्पोक) यातलं काहीही इथे चालत नाही, एका ओरखड्यात स्टँकशन बाद होतो.

हवा निघाल्यावर फोर्क स्पष्ट मऊ लागला, सॅग ३० च्या पुढे गेला. खरी स्प्रिंग किती उरली होती ते तेव्हा दिसलं.

मग स्प्रिंग. पंप लावून हवा ९२ पर्यंत चढवली, पण एका दमात नाही. दर १० पीएसआयनंतर फोर्क सात-आठ वेळा सावकाश, ३०-४० मिमी दाबून पूर्ण उघडू दिला, म्हणजे खाचेतून निगेटिव्ह कप्पाही भरतो. प्रत्येक वेळी गेज दोन-चार पीएसआय खाली येतो, ते पुन्हा भरायचे. आकडा स्थिरावला की पंप काढायचा. हवा सोडतानाही हेच करावं लागतं. नाहीतर निगेटिव्हमध्ये दाब जास्त राहतो, फोर्क आत ओढल्यासारखा १०-१५ मिमी बसलेला दिसतो आणि लोकांना वाटतं स्प्रिंग फुटली. आदल्या वेळी ८ पीएसआय सोडून लगेच चालवायला घेतलं तेव्हा हे झालं नाही, ते चालवताना फोर्क आपोआप दबल्या-उघडल्यामुळे.

सॅग २७ मिमी आला. पुण्यापेक्षा १ मिमी जास्त, तो तसाच ठेवला.

रिबाउंड बंद स्थितीपासून १० क्लिक, म्हणजे पुण्यापेक्षा २ जास्त उघडा. आधी पूर्ण बंद करून मोजलं, कारण "२ क्लिक" कुठून, हे दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. कॉम्प्रेशन मोकळंच. लोअर मोकळे केल्यामुळे तळाजवळचा आधार पुण्यापेक्षा ८ किलोंनी कमी होतो. तो भरून काढायला एक टोकन, म्हणजे स्प्रिंगमधली हवेची जागा कमी करणारा छोटा ठोकळा, घालण्याचा विचार झाला होता. पण टोकन घालायचं तर वरचं झाकण उघडून सगळी हवा सोडावी लागते, आणि सहलीच्या मध्यात एवढ्यासाठी ते करू नये.

त्याच उतारावर पुन्हा ओ-रिंग १२२ वर थांबली. ब्रेक लावल्यावर हँडल खाली जायचं थांबलं, खडीवरचा टणटणाट गेला. तेलाची रिंग पुसून टाकल्यावर दिवसभरात परत आली नाही. आली असती तर सीलचा संशय खरा धरावा लागला असता. एकाच पायावर रिंग येत राहिली तरी तेच.

दुपारी खाली उतरल्यावर तापमान वीसच्या पुढे गेलं तेव्हा फोर्क किंचित ताठ झाला, आत सुमारे ७ टक्के दाब वाढलेला. तिथे हवा सोडायची नाही, पुढच्या पहाटे ती लागणार असते. रिबाउंड १ क्लिक बंद केला तेवढं पुरलं.

परत पुण्यात

उतरतानाचा हिशेब उलटा लागतो, आणि तो सहसा विसरला जातो. लेहमध्ये मोकळे केलेले लोअर पुण्यात आले की आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे साडेतीन पीएसआयनं दुबळी. फोर्क आत खेचला जातो, सॅग ३ मिमीनं वाढतो आणि ओढून पूर्ण उघडला तरी किंचित परत बसतो. इथेही हवा भरायची नाही, लोअर पुन्हा मोकळे करायचे. या वेळी सुस्कारा आत जाणारा असतो. त्यामुळे स्टँकशन दुप्पट काळजीनं पुसायचा, कारण सीलवर जे काही असेल ते हवेबरोबर आत ओढलं जातं.

लेहच्या थंडीत २४ पीएसआय केलेले टायर पुण्याच्या सव्वीस अंशात २२-२३ पर्यंत उतरतात. पहिल्याच दगडावर रिम आपटायची नसेल तर खोक्यातून काढल्यावर आधी ते भरायचे. स्प्रिंगचे लेहमधले ९२ थंडीत भरलेले होते. पुण्याच्या सव्वीस अंशात गेज ९६-९७ दाखवेल. पूर्ण उघड्या फोर्कवर पंप लावून, दबा-उघडा करत तो ८८ वर आणला की सेटिंग निघाल्या दिवशी होतं तिथे येतं. धुळीतून आलेल्या फोर्कच्या लोअरची सर्व्हिस मात्र ५० तास भरायची वाट न पाहता लगेच करावी. लडाखची धूळ सीलखालच्या फोम रिंगांमध्ये तेलाबरोबर बसून राहते आणि बुशिंग (लोअरमधलं, स्टँकशन ज्यावर सरकतात ते अस्तर) घासत राहते.